काळीवरची पांढरी

जुन्या महसुली दप्तरांत ओसाड गावासाठी एक फारसी शब्द येतो: बेचिराग. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही, ते बेचिराग. लोकांच्या तोंडी त्याचे 'बेचिराख' झाले आणि जे गाव कधी जळले नव्हते त्यातही राख येऊन पडली. परंतु मूळ शब्द अधिक नेमका आहे. घरे उभी आहेत की पडली, भिंती किती आणि छपरे किती, याची तो चौकशी करीत नाही. दिवा लागतो की नाही, एवढेच विचारतो. घर असणे आणि घरात वसती असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या कारकुनांना चांगले ठाऊक होते. आज आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातले जे प्रकरण मी आपल्यापुढे मांडणार आहे, ते या दोन गोष्टींतल्या अंतराचे आहे.

त्याच दप्तरांतली दुसरी जोडी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, राहती जागा. बोलण्याच्या ओघात त्या जागेवरची माणसेसुद्धा. काळी निसर्गाने दिलेली आहे. पांढरी मात्र आयती मिळत नाही, ती व्हावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या माणसे चुलीची राख बाहेर टाकतात, गुराढोरांचे शेणमूत जिरते, मातीची भिंत पडते आणि तिच्याच ढिगाऱ्यावर दुसरी उभी राहते. असे शेकडो वर्षे झाले म्हणजे जमिनीचा रंग पालटतो. उत्खनन करणारे विद्वान दख्खनमध्ये हिंडताना प्रथम हा पांढरा रंगच शोधतात. गोरोबाकाकांचे तेर घ्या. तेरणेच्या काठी पसरलेल्या तिथल्या टेकड्या म्हणजे मुरलेली वसतीच होय. ग्रीक प्रवासवर्णनातले 'तगर' ते हेच, असे आता सर्वमान्य झाले आहे. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह आज तेथील शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. त्यातल्या मातीच्या बाहुल्या, मणी, खापरे आणि हस्तिदंती मूर्ती पाहताना एक गोष्ट मनात ठेवावी: यातले पुष्कळसे सामान राजवाड्यातले नसून घरगुती आहे, कोणाच्या तरी कोनाड्यातले आहे.

नवे गाव वसवायचे किंवा ओसाड पडलेले पुन्हा भरायचे, तर पूर्वीच्या राजवटींचा एक शहाणा रिवाज होता. त्याला इस्तावा म्हणत. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या कुळाकडून पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यायचा, दुसऱ्या वर्षी थोडा जास्त, आणि असा चढत चढत काही वर्षांनी पूर्ण दर लावायचा. जमीन रुळायला आणि माणूस जमिनीवर रुळायला वेळ लागतो, ही गोष्ट त्यात कबूल केलेली होती. हा इस्तावा शब्दही ध्यानात ठेवावा, अशी आपणांस विनंती आहे. पुढे त्याचे काम पडेल.

घर सोडून जाण्याची पाळी या जिल्ह्यावर पूर्वी आली नाही असे नाही. रझाकारांच्या धामधुमीत १९४७-४८ साली कितीतरी कुटुंबे सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर वारे उलटले आणि मुसलमान कुटुंबांवर घरे सोडण्याची वेळ आली. सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक हानी झाल्याचे नोंदले, त्यांत आपला एक होता. ही गोष्ट सांगताना आपण अडखळतो, पण इतिहास सांगायचा तर ती वगळता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात माणसे खडी फोडायला गेली, आणि भूम, कळंब, वाशीकडची कुटुंबे ऊसतोडीला जाऊन दरवर्षी निम्मे वर्ष कोपीत काढतात. या साऱ्या जाण्यांत परत येण्याची एक जागा गृहीत धरलेली असते. परतणे सर्वांना साधले नाही, परंतु ज्याला साधले त्याला आपली पांढरी जिथल्या तिथे सापडली. १९९३ साली मात्र पांढरीच उठली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे रात्री उशिरा घरी आली होती आणि गाढ झोपली होती. किल्लारीचे नाव जगभर झाले, कारण भूकंपाला ते नाव मिळाले. परंतु आपल्या जिल्ह्यातही तेव्हाच्या उमरगा तालुक्यातली सास्तूर, होळी, राजेगाव, रेबेचिंचोली ही गावे, जी आता लोहारा तालुक्यात आहेत, काही क्षणांत भुईसपाट झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे दगावली. भूकंपाची शक्ती रिश्टर मापावर ६.४ अशी तेव्हा सांगितली गेली. पुढच्या अभ्यासांनी ती किंचित कमी धरली. एवढ्या शक्तीचे भूकंप जगात दरवर्षी कितीतरी होतात आणि त्यांतल्या बहुतेकांची वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमीही येत नाही. मग इथे आठ हजार माणसे का मेली?

याचे उत्तर जमिनीच्या पोटात जितके आहे, त्याहून अधिक डोक्यावरच्या छपरात आहे. आपल्या भागातले जुने घर आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले आहे, काहीजण त्यातच जन्मलेले आहेत. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती. आत खांब आणि तुळया घालून केलेले खण. तुळयांवर लाकडी पाट, त्यावर पाला-काडी, आणि सर्वांच्या वर मातीचे माळवद. दारातून शिरले की ढाळज, मग चौक, चौकाभोवती ओसरी, आत माजघर आणि अंधारी खोली, भिंतीत देवळी आणि कोनाडे, धान्याला बळद, मागे परसू, एका बाजूला गुरे. बाहेरून पाहिले तर एक आंधळी भिंत आणि एक दरवाजा. उन्हाळ्यात आत गारवा आणि हिवाळ्यात ऊब. या घराची निंदा करणे मला मान्य नाही. आमच्या हवेला, आमच्या शेतीला, आमच्या एकत्र कुटुंबाला ते घर अंगरख्यासारखे बसले होते.

परंतु त्या अंगरख्यात एक दोष वाढत गेला. माळवद गळू नये म्हणून मृगाच्या आधी त्यावर पांढरी माती घालण्याचा रिवाज असे. माती कुठून आणायची? गावठाणाच्या पांढरीतून, कारण तीच पाण्याला दाद देत नाही. दरवर्षी नवा थर पडे, जुना कोणी काढीत नसे. आजोबाने घातलेल्या मातीवर बापाने घातली, त्यावर नातवाने. अशी कित्येक ठिकाणी दोन-अडीच फूट माती डोक्यावर साठली. भिंतींचा दुसरा दोष असा, की आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन थर उभे करून मधली पोकळी गोट्यांनी आणि चिखलाने भरलेली असे. दोन थरांना सांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड पूर्वीचे गवंडी जागोजाग घालीत. पुढे ती शिस्त सुटली. लाकूड महाग झाले, तशा तुळया बारीक झाल्या, खांब कमी झाले, आणि जे ओझे खांबांनी पेलायचे ते चिखलात बसवलेल्या भिंतींवर आले. जिथे जुना भक्कम लाकडी सांगाडा होता, तिथे भिंती बाहेर ढासळूनही माळवद खांबांवर तोलून राहिले आणि खालची माणसे वाचली, अशी उदाहरणे पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नमूद केली आहेत. बाकीच्या घरांत भिंतीचे दोन थर फुगून फुटले आणि माळवद खाली आले. ज्या पांढरीने गाव गाव झाले होते, तीच अंगावर पडली.

श्रोतेहो, याच जिल्ह्यात तेरच्या जुन्या विटांचे नवल सांगतात. त्या इतक्या हलक्या आहेत, की पाण्यावर तरंगतात. डोक्यावर हलके असावे हे शहाणपण इथल्या कारागिरांना एके काळी होते. ते कसे आणि केव्हा गेले, हा एखाद्या तरुण अभ्यासकाने हाती घ्यावा असा विषय आहे.

भूकंपाची पूर्वसूचना नव्हती असेही म्हणता येत नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारी भागात धक्के बसत होते; १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का चांगलाच जाणवला होता. माणसे काही रात्री अंगणात निजली, मग थंडी आली, मग पाऊस आला, आणि ती आत गेली. शास्त्रज्ञांच्या नकाशात हा प्रदेश देशातल्या सर्वांत निर्धोक पट्ट्यात होता. १९६७ साली कोयना हादरली तेव्हासुद्धा मराठवाड्याच्या खडकाविषयी कोणाला शंका आली नाही. आता नकाशा बदलला आहे आणि तो सर्वांत निर्धोक मानलेला पट्टा नकाशातून रद्दच झाला आहे.

त्यानंतर जे मदतकार्य झाले त्याचे वर्णन मी करीत नाही. देशातून आणि परदेशातून इतकी मदत आली, की ती वाटायला माणसे अपुरी पडली. खरा प्रश्न पुढे होता. गावे जिथे होती तिथेच बांधायची, की उठवायची? मलब्याखाली माणसे गेलेली, जागा अशुभ वाटत होती, आफ्टरशॉक चालू होते; पुष्कळांना तिथे पुन्हा पाऊल ठेववत नव्हते. सरकारने ५२ गावे नव्या जागी हलवण्याचे ठरवले. जागतिक बँकेचे कर्ज मिळाले, आणि १९९४ पासून १९९८ पर्यंत महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन प्रकल्प चालला. त्यात काही गावे स्वयंसेवी आणि औद्योगिक संस्थांनी दत्तक घेऊन बांधली, बाकीची सरकारने. नव्या गावांत २५,००० हून अधिक घरे झाली. त्याखेरीज जी गावे हलवायची नव्हती, तिथे अनेक जिल्ह्यांत मिळून दीड लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्तीला पैसे दिले गेले. आपल्या देशात तोवर एवढे मोठे काम कोणी केले नव्हते. हे श्रेय निःसंकोच द्यावे.

नव्या गावांना जागा कोणती मिळाली? गावाबाहेरची शेते. म्हणजे काळी! जी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, तिच्यावर सिमेंटची घरे उभी राहिली. काही गावांत लवकरच जमिनीबरोबर फरशी उचलली, भिंतीला चीर गेली. आणि चीर म्हटली की ज्याने ती पहाट पाहिली आहे, त्याच्या काळजात काय होत असेल, ते आपण समजू शकता. अभियंता सांगे, ही जमिनीची चीर आहे, धोका नाही. घरातली म्हातारी ऐकून घेई आणि अंथरूण अंगणात टाकी.

घरांचे माप ठरले ते असे: भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यांना ४५०, आणि त्याहून अधिक असलेल्यांना ७५०. कागदावर हा हिशेब सोपा आहे. परंतु जुन्या गावात माणसाचे घर त्याच्या चार भिंतींत संपत नव्हते. ज्याचे घर दोन खणांचे, त्यालाही समोरची गल्ली होती, शेजारच्या वाड्याची ओसरी होती, पार होता, मारुतीचा कट्टा होता. घरातल्या बायकांना तर चौक आणि परसू हीच खरी मोकळी जागा. नव्या आराखड्यात घर मधोमध, भोवती मोकळी जागा, सरळ रेषेत रस्ते आणि तेही शहरातल्यासारखे रुंद. बायांनी भांडी घासावी कुठे, निवडण-टिपण करावे कुठे, डाळ वाळत घालावी कुठे? सगळे रस्त्यावरून दिसते. गुरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, नांगर-वखर कुठे ठेवायचे, याचा विचार पुष्कळ आराखड्यांत नव्हताच. घरात चूल घालावी तर छत काळे होते आणि धूर कोंडतो. संडास बांधून दिला, पण पाणी नव्हते. त्यात गोवऱ्या आणि सरपण राहू लागले. यावर शहरातले पाहुणे हसत, ते मला बरोबर वाटत नाही. पाणी नसलेल्या संडासाचा याहून चांगला उपयोग मलाही सुचत नाही.

आणखी एक गोष्ट झाली, तिची वाच्यता कमी होते. एकाच मापाची घरे एकेका पट्ट्यात बांधणे ठेकेदाराला सोयीचे. त्यामुळे जिथे तसे झाले, तिथे सातशे पन्नासवाले एकीकडे आणि अडीचशेवाले दुसरीकडे झाले. भावकी फुटली, थोरला भाऊ एका टोकाला, धाकटा दुसऱ्या. मात्र एक व्यवस्था फुटली नाही. जुन्या गावात वेशीबाहेर कोण राहत असे, हे आपण जाणतो. त्यांच्याकडे जमीनही नव्हती किंवा नाममात्र होती. जमिनीवरून घराचे माप ठरवले, तेव्हा सर्वांत लहान घर कोणाला मिळणार हे उघडच होते. नियमात जातीचा उल्लेख नव्हता, म्हणून नियम करणाऱ्यांचे समाधान झाले असेल. परंतु कोऱ्या जमिनीवर ५२ गावे नव्याने आखायची संधी शतकात एखाद्या वेळी येते. ती आली आणि आपण सातबाराचा उतारा बघून घरे वाटली. याला मी या प्रकल्पाची सर्वांत मोठी चूक समजतो. भेगा आणि धूर त्यापुढे काहीच नाहीत. दुसऱ्या बाजूने हेही सांगितले पाहिजे, की अडीचशे चौरस फुटांचे का होईना, पक्के आणि स्वतःच्या नावाचे घर ज्यांना त्या दिवशी प्रथमच मिळाले, त्यांच्यात हीच माणसे पुष्कळ होती. जुन्या वाड्यांची हळहळ प्रामुख्याने ज्यांचे वाडे होते त्यांची आहे, हे हळहळणाऱ्यांनी विसरू नये.

नवी घरे बांधणाऱ्यांच्या कल्पनाशक्तीलाही तेव्हा बहर आला होता. शेजारच्या औसा तालुक्यातल्या गुबाळ येथे सिमेंटची घुमटाकार घरे झाली. घुमट भूकंपात पडत नाही हे खरे. परंतु गोल भिंतीला कपाट टेकत नाही, खाट टेकत नाही, कोनाडा होत नाही, आणि मुलाचे लग्न झाले म्हणजे शेजारी आणखी एक खण काढता येत नाही. आपल्याकडे घर एकदाच बांधून पुरे होत नाही; ते कुटुंबाबरोबर वाढते आणि वाटण्यांबरोबर तुटते. ज्या घराला वाढता येत नाही, त्यात माणसे राहतात, पण भाड्याने राहिल्यासारखी.

हा अनुभव आपल्यालाच आला असे मात्र नव्हे. इटलीत सिसिलीच्या बेलीचे खोऱ्यात १९६८ साली भूकंप झाला. तिथले जिबेल्लीना गाव उठवून सुमारे २० किलोमीटरवर नवे बांधले. प्रसिद्ध शिल्पी आणि वास्तुकार आले, भव्य चौक झाले, आणि ते चौक ओस पडले. त्याच देशात उत्तरेकडे फ्रिउली प्रांतात १९७६ साली भूकंप झाला, तेव्हा वेंझोने गावच्या लोकांनी हट्ट धरला, की जिथे होते तिथे आणि जसे होते तसेच बांधायचे. पडलेल्या देवळाचे दगड त्यांनी वेचले, त्यांवर क्रमांक घातले, आणि वर्षानुवर्षे खपून ते पुन्हा रचले. आपल्याकडे वेंझोनेसारखा हट्ट कोणी का धरला नाही, असे एखादा विचारील. त्याला उत्तर एवढेच, की इटलीतल्या त्या लोकांना दगडाचे भय वाटत नव्हते. आपल्या माणसांना वाटत होते.

हे भय समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. जी गावे हलवली नाहीत, तिथे जुन्या घरांची दुरुस्ती करण्यासाठी पैसे होते. तज्ज्ञांनी पद्धत सांगितली: भिंतीत ठिकठिकाणी भोक पाडून आरपार सळई आणि काँक्रीट घाला, म्हणजे दोन थर सांधले जातील, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवा, खांब आणि तुळई यांना तिरकस टेकू द्या, माळवदावरची माती उतरवा. पद्धत चांगली होती, स्वस्त होती, आणि जुने घर वाचत होते. परंतु लोकांनी काय केले? पुष्कळांनी त्या पैशात वाड्याच्या पुढे किंवा मागे सिमेंट-विटांची एक खोली बांधली. दिवसा वाड्यात वावरायचे, रात्री खोलीत निजायचे. तज्ज्ञांना याचे वाईट वाटले. मला त्यात अडाणीपणा दिसत नाही. माणसाने घराचे दोन भाग केले: एक जगण्याचा, एक झोपेचा. ज्या वेळी मरण आले होते, त्या वेळेपुरते त्याने छप्पर बदलून घेतले.

या दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या स्त्रिया पुढे आल्या, हा त्या वर्षांतला सर्वांत आशादायक भाग होय. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या सहकार्याने महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या गेल्या. सरकारी नियम घरोघर समजावणे, पैशाचा हप्ता मिळाला की नाही पाहणे, गवंडी पट्टा नीट घालतो की नाही यावर नजर ठेवणे, ही त्यांची कामे. ज्यांनी तोवर घर सारवले होते पण घराच्या बांधणीविषयी ज्यांना कोणी कधी विचारले नव्हते, त्या बाया सिमेंट-वाळूचे प्रमाण विचारू लागल्या. पुढे २००१ साली गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा आपल्या भागातल्या स्त्रिया कच्छच्या बायांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

ज्या मुलांना परतायला घरच उरले नव्हते, त्यांचीही वेगळी हकीकत आहे. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. इकडे नळदुर्गजवळ राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी, पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने, अनाथ मुलांसाठी वसतिगृह आणि शाळा उभी केली. तिचे नाव 'आपलं घर'. हराळीला ज्ञान प्रबोधिनी आली आणि स्थिरावली. मदतीला आलेले बहुतेक लोक काही महिन्यांत परत जातात, ते स्वाभाविकच आहे. हे लोक राहिले. त्यांनाही परक्या मुलखात रुळावे लागले, इथला उन्हाळा आणि इथली भाषा अंगवळणी पाडावी लागली.

आता इस्ताव्याकडे येतो. नवी घरे १९९५-९८ च्या सुमारास लोकांच्या ताब्यात आली आणि कागदोपत्री पुनर्वसन पूर्ण झाले. त्या वेळी पाहणी करणाऱ्यांनी पाहिले, की काही घरांना कुलपे आहेत, काही माणसे पत्र्याच्या शेडमध्येच राहतात, काही शेतावर कोटा घालून राहिली आहेत. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की लोकांना घरे पसंत पडली नाहीत. हा पहिल्या वर्षीच पूर्ण सारा मागण्यासारखा प्रकार झाला. घर पसंत पडण्याला मुदत लागते. आज तीस वर्षांनंतर त्याच गावांत जाऊन पाहावे. रस्त्याच्या कडेने कुंपणाच्या भिंती उठल्या आहेत, आणि भिंत उठली म्हणजे आत आपोआप चौक झाला. पुढच्या बाजूला पत्रा टाकून ओसरी काढली आहे, मागे गोठा आहे. चूल बाहेर छपरीत गेली आहे. दारासमोरचा कडुनिंब चांगला वाढला आहे आणि त्याच्याखाली दगडाचा कट्टा आहे. रुंद रस्त्याचा काही भाग घरांनी गिळला आहे; नगररचनेचे अधिकारी त्याला अतिक्रमण म्हणतील, गावाच्या दृष्टीने ती गल्ली झाली आहे. ज्यांची घरे दूर पडली होती त्या भावांनी जागेची अदलाबदल करून जवळ येण्याचे प्रयत्न केले. आराखडा करणाऱ्याने जे वगळले होते, ते एकेक करून लोकांनी आत आणले, आणि त्यासाठी त्यांना कोणी पैसा दिला नाही.

या वाढीत नवा धोकाही आहे. ज्या पिढीने ती पहाट पाहिली नाही ती आता कर्ती झाली आहे. वाटण्या झाल्या, जागा पुरेना, म्हणून एक मजल्याच्या घरावर दुसरा मजला चढतो आहे. खालच्या पायाला तो पेलेल की नाही, हे विचारणारे थोडे. पुन्हा एकदा डोक्यावर थर चढू लागले आहेत, या वेळी सिमेंटचे.

आणि जी गावे हलली नाहीत, त्यांच्यात आजही जुनी माळवदे उभी आहेत. धाराशिव शहराच्या जुन्या भागातही काही आहेत. या मंडपातले काही श्रोते घरी जाऊन त्यांच्याखालीच निजणार आहेत. ती पाडा असे मी म्हणणार नाही. परंतु एक काम प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे आणि त्याला सरकारची परवानगी लागत नाही. माळवदावर एका कोपऱ्यात वीतभर रुंदीचा खड्डा घेऊन माती किती आहे ते मोजावे. आठ इंचांहून अधिक असेल ती उतरवावी, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा आणि मग पातळ थर पुन्हा घालावा. पाणी तेवढ्याने अडते. हे काम उन्हाळ्यात, मृगापूर्वी, म्हणजे याच दिवसांत करायचे असते. माती चारही बाजूंनी सारखी काढीत यावी, एकाच अंगाने काढली तर तोल जातो. उतरवलेली माती फेकून देऊ नये. जुन्या गावठाणाची माती शेताला खतासारखी मानवते हे आपले शेतकरी जाणतात. गाडीभर नेऊन ती काळीत पसरावी.